आ कशाचा?

दुकानातल्या बाईंनी अक्षरओळखीच्या पुस्तकांचा ढीग त्याच्यापुढे मांडला. त्याची लेक आता वाचायला शिकणार होती. तो प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान तेवढं उघडायचा आणि पुस्तक बाजूला सारायचा.

"अहो, पोरांच्या उड्या पडतात यांच्यावर! तुम्ही एवढी नाकं कसली मुरडताय?" बाई वैतागल्या.

"सगळ्यांत 'आ आईचा'च आहे हो," तो खाली मान घालून म्हणाला. "दुसरं काही असलं तर बघा ना. पोरीची आई गेली, नुकतीच."

बाईंचा चेहरा उतरला. स्टुलावर चढून त्यांनी वरच्या फळीवरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि हातानेच धूळ पुसून त्याच्यापुढे धरलं. 'आ आरशाचा.' त्याचा जीव भांड्यात पडला.

घरी आल्या आल्या लेक त्याच्या मांडीवर चढून बसली. तिने आरशाच्या चित्रावर बोट टेकवलं आणि तोंडाचा मोठ्ठा आ केला.



"आ... आ... आईचा आरसा! बाबा, तू माळ्यावर लपवून ठेवलायस ना, तोच!"