चारचा फोन

ऑपरेटर ताई रडली, तेव्हा साहेबांना मनातून बरंच वाटलं.

साहेब नुकतेच दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. कामात बदल झाला की माणसं आधी चिडतात, मग रडतात, मग आपोआप निवळतात, असं तिथे शिकवलं होतं. हॉस्पिटलचा टेलिफोन बोर्ड उद्यापासून बंद होणार होता. यापुढे फोन मशीनच उचलणार आणि एक दाबा, दोन दाबा सांगत बसणार. महिनाभर ताई ना चिडली ना रडली, त्यामुळे साहेब काळजीत पडले होते. आता गाडी रुळावर आली.

त्यांनी शिकवल्याप्रमाणे खुर्ची पुढे ओढली, पाण्याचा ग्लास दिला आणि मध्ये न बोलता ऐकायचं ठरवलं. पण ताई घोट घोट पाणीच पीत राहिली. मग त्यांनीच समजूत घातली. पगार तोच, रेकॉर्ड रूममध्ये खिडकीजवळचं टेबल, कानाला हेडफोनचा जाच नाही. अठ्ठावीस वर्षं लोकांना फोन जोडून देऊन घसा बसला, आता जरा आराम करा.

"साहेब, चार वाजता माझ्या आईचा फोन येतो," ताई म्हणाली.

हा फोन सगळ्यांनाच ठाऊक होता. आई रोज चारच्या ठोक्याला फोन करी आणि ओळखपाळख नसल्यासारखी म्हणे, "ऑपरेटर बाई, जरा माझ्या मुलीला द्या." ताईही काही कमी नव्हती. ऑफिसच्या आवाजात "थांबा हं, देते" म्हणून ती खट्कन एक बटण दाबी आणि मग घरच्या आवाजात म्हणे, "हां आई, बोल." मायलेकींची ही गंमत ऐकायला नर्सबाई जाता जाता थांबत.

साहेबांनी मोबाइलचा नंबर द्यायला सुचवलं. आईला हाच एक नंबर पाठ आहे, नवं काही डोक्यात राहत नाही, असं ताईने सांगितलं. साहेबांना हसू आलं.

"अहो ताई, आई तुमच्याच घरात राहते ना? संध्याकाळी घरी जाऊन बोला की पोटभर."

दारातला शिपाईही हसला. ताईने डोळे पुसले आणि तीही हसली. साहेबांनी मनातल्या मनात तिसरी पायरी पार पडल्याची खूण केली.

चारला फोन आला. ताईने नेहमीसारखा जोडून दिला. आई गुडघ्याचं बोलली, सोबतीला बसणाऱ्या शेजारच्या काकू दिवसभर कशा पेंगतात ते बोलली. जेवलीस का, असं तिने तीनदा विचारलं. मग एकदम थांबली.

"रडलीस ना तू? मला नको शिकवू. तुझा आवाज मी झोपेतही ओळखेन."

बोर्डावर दोन लाइनी वाजत होत्या. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच ताईने त्या वाजू दिल्या आणि आईला बोलू दिलं. साहेबांनी ते पाहिलं, पण शेवटच्या दिवशी जरा सैल सोडावं, असंही शिबिरात सांगितलं होतं.

सहाला ताई घरी पोचली. काकूंनी दार उघडलं, चपला घातल्या आणि त्या आपल्या घरी गेल्या. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. ताई तिच्यापुढे खाली बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, मी आले गं."

आईने रोजच्यासारखा हात हळूच सोडवून घेतला आणि पदर सारखा केला.

"बसा हं, बाई. माझी मुलगी अजून आलेली नाही," ती अदबीने म्हणाली. "तिच्याकडे काही काम असेल तर उद्या चारला हॉस्पिटलात फोन करा. तिथे ती हमखास भेटते."