गुळाचा खडा

अंगणात जमिनीत बांधलेल्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर मधमाश्या घिरट्या घालताना दिसल्या आणि तान्हूबाईचा जीव भांड्यात पडला. तिच्या मधपेट्या उन्हाळ्यातच ओस पडल्या होत्या. "परत आल्या गं," तिनं घरात आजारी नातवाजवळ बसलेल्या सुनेला सांगितलं आणि जुन्या सवयीनं टाकीच्या कडेला गुळाचा खडा ठेवला.

गुळाकडे एकही माशी फिरकली नाही. सगळ्या झाकणाच्या फटीपाशी हवेत जागच्या जागी थबकल्या होत्या. तिनं एक अलगद मुठीत धरली. ती डसली नाही. निरखून पाहिलं, तर पंखांची एकच जोडी; मधमाशीला दोन असतात.

मधमाशीचं सोंग घेणारी ही माशी तिनं आजवर गोठ्यामागच्या शेणमुताच्या खड्ड्यावरच पाहिली होती. चांगल्या पाण्यात ती अंडी घालत नाही.

तान्हूबाईनं झाकण सरकवलं. संडासाच्या खड्ड्याकडची भिंत तडकली होती. तिथून काळं पाणी झिरपत होतं आणि तळाशी शेपटीवाल्या अळ्या वळवळत होत्या.

"आत्याबाई," आतून सुनेचा आवाज आला, "येताना तांब्या भरून आणा. जुलाब थांबेपर्यंत डॉक्टरांनी बाळाला भरपूर पाणी पाजायला सांगितलंय."