मुसळाची सावली

सुंदररावांनी अंगणात पाऊल टाकलं आणि सुनेनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तसाच परत दिला. भर अंगणात, शहाबादी फरशीवर मुसळ उभं होतं. शेजारी परातीत पाणी.

"आज गिराण हाय का? तेलगावात तर कुणी बोललं न्हाई."

ग्रहण लागलं की मुसळ उभं करायचं आणि ते सुटेपर्यंत घोटभर पाणीही घ्यायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. तेजश्रीनं हसू गिळलं.

"न्हाई मामा. ईश्वरीचा अभ्यास हाय तो. परातीतल्या पाण्यावरून फरशी सपाट हाय का ते बघती."

सुंदररावांनी तरी तांब्या घेतला नाही. उभ्या मुसळासमोर पाणी प्यायची त्यांच्या घशाला सवय नव्हती.

नऊ वर्षांची ईश्वरी फरशीशी उकिडवी बसली होती. संक्रांतीपासून भर दुपारी मुसळाची सावली जिथं संपायची, तिथं ती ऑइलपेंटचा ठिपका द्यायची. ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे मुसळाच्या बुडाशी आले होते. पुढच्या ठिपक्याला आता जागा नव्हती.

सुंदरराव काही ही गंमत बघायला आले नव्हते. खिशात शाळेचा फॉर्म होता, नातीचं नाव स्वतःच्या हातानं भरलेला. पोरगी घरीच आईपाशी शिकते, हे चारचौघांत सांगताना त्यांना चोरट्यासारखं वाटायचं. आज तिला तेलगावला, आपल्या घरी घेऊनच जायचं होतं.

"सात नव्वं किती गं?"

"थांबा की आबा. सावली गडप व्हायला पाच मिनटं ऱ्हायली."

मे महिन्याचं ऊन पांढरं झालं होतं. लिंबावर एक पान हलत नव्हतं. सगळं लिंबागणेश गाव डोळे मिटून पडल्यासारखं वाटत होतं.

"फरशी काळी हाय," ईश्वरी म्हणाली. "सावली नीट दिसंना. पांढरा कागद हाय का आबा?"

सुंदररावांचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. दुसरा कागद नव्हता. मग त्यांनी फॉर्म काढला, उलटा केला आणि कोरी बाजू वर करून तिला दिला. तिनं मुसळ उचलून त्यावर उभं केलं.

तिघंही वाकून बघत राहिली. सावलीची बारीक कड बुडाशी आली, थोडी थांबली आणि आत गेली. कागद चहूबाजूंनी पांढरा झाला. बारा वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

सुंदररावांनी वळून स्वतःची सावली शोधली. ती धोतराखाली कुठंतरी पायाशी दडली होती. सगळा जन्म याच उन्हात रानात गेला, आणि हे कधी बघितलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"त्रेसष्ट," ईश्वरी म्हणाली.

"काय?"

"सात नव्वं."

"हां." प्रश्न ते विसरूनच गेले होते. "आता पुना कवा?"

"जुलैत. अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला. सूर्य माघारी जाताना."

"तवा ढग असत्याल."

"असू द्या. मी बसून ऱ्हाईन."

तेजश्री मुसळाखालच्या कागदाकडं बघत होती. तो उलटा होताना त्यावरचं शाळेचं नाव तिनं वाचलं होतं, पण विचारायचं धाडस होत नव्हतं.

"जुलैत शाळा असती," सुंदरराव म्हणाले. "भर दुपारी पोरीला आंगणात कोण सोडील?"

मग ते ओट्यावर जाऊन बसले. मुसळ फॉर्मवर तसंच उभं होतं.

"पाणी दे तेजश्री," ते म्हणाले. "गिराण सुटलं."