जखम नाय

"चाचा, जखम आहे की नाही, एवढंच सांगा," सलोनीने फोनवर विचारलं.

"नाय गो. जखम आता खंय?"

सलोनीचं पेन थांबलं. मालवणचे जमालचाचा, जुना मधुमेह, डाव्या टाचेवर तीन वर्षांची उघडी जखम. तिच्या मलमाचे बारावे आणि शेवटचे पेशंट. सात जण मधेच गळाले होते. चौघांच्या जखमांनी मलमाची दखलच घेतली नव्हती. माशाच्या कातडीपासून माणसाची कातडी भरायला निघालेल्या मुलीवर कॉलेजात करता येतील तेवढे विनोद करून झाले होते, आणि सोमवारी प्रकल्प बंद करायची बैठक होती.

"पाणी येतं?"

"नाय."

"वास?"

"मांजरां पण येणत नाय आता."

"दुखतं?"

"दुखणा नाय. खाजता मात्र."

खाज म्हणजे खाली नवी कातडी. सलोनीने तो शब्द दोनदा अधोरेखित केला.

"खाजवू नका हं."

"खाजवूचा म्हटला तरी जमणा नाय," चाचा हसले.

"मलम पुरतंय ना?"

"भरपूर उरला हा."

मागून वजीराचाची काहीतरी बोलली. "तू गप ऱ्हव," चाचा म्हणाले. चाची साखरेच्या चहाची चुगली करत असणार.

पहिले दोन महिने सलोनी स्वतः पट्टी बदलायला जात होती. मग कॉलेजची गाडी बंद पडली आणि तपासणी फोनवर आली. फॉर्मात चौकटी होत्याच. शिवाय चाचांसारखा पेशंट मिळायला भाग्य लागतं. होडी खडकावर फुटली तेव्हाही हा माणूस म्हणाला होता, "बरा झाला, वल्ही ऱ्हवली."

तिने 'जखम नाही'च्या चौकटीत खूण केली आणि फॉर्म प्रकल्पप्रमुख दत्तारामसरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा वर केला. "फोटो आण. एक भरलेली टाच दाखव, मग बैठकीत मी बोलतो."

शनिवारी ती एसटीने मालवणला उतरली. पिशवीत फोटोसाठी मोजपट्टी होती, आणि बाजारातून घेतलेल्या मऊ तळव्याच्या चपला. तीन वर्षं चाचा पायाला फडकं गुंडाळून चालत होते.

पडवीत चाचा खाटेवर बसले होते, कमरेखाली चादर.

"इलंस? बस गो. बरी आसस मा?"

"मी बरी. तुम्ही?"

"माका काय झाला? बरो आसंय."

वजीराचाचीने पाणी आणलं, तांब्या ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"फोटो मागाहून," सलोनी म्हणाली. "आधी ह्या घालून बघा." तिने खोकं पुढे केलं.

चाचांनी चाचीकडे पाहिलं. चाचीने खोकं उघडलं. उजवी चप्पल काढून खाटेखाली ठेवली. डावी पुन्हा कागदात गुंडाळून सलोनीच्या हातात दिली.

"ही घेवन जा, बाय."