बापाचा शब्द

म्हातारा केतिल किनाऱ्यावर उभा होता. गावकऱ्यांनी केलेल्या रिंगणात त्याचे दोन्ही मुलगे ढाल-तलवार घेऊन एकमेकांभोवती फिरत होते. शेताचा वाद त्यांना रक्त सांडूनच मिटवायचा होता, आणि लढायला दोघांना शिकवलं होतं ते त्यानेच.

धाकट्या ग्रिमने वार केला. थोरल्या स्काप्तीने तो ढालीच्या कडेवर घेतला, पातं लाकडात रुतू दिलं आणि ढाल झटक्यात पिळली. ग्रिमच्या हातून तलवार सुटली. स्काप्तीची तलवार वर गेली.

"स्काप्ती, थांब!" केतिलच्या तोंडून निघून गेलं.

स्काप्तीने हात आवरला. त्याच क्षणी ग्रिमच्या ढालीच्या मधोमध बसवलेली लोखंडी वाटी स्काप्तीच्या कानशिलावर आदळली.

केतिलने धावत जाऊन थोरल्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बाबा," तो पुटपुटला, "मी थांबलो होतो."