मेकनमधलं हॉटेल

“कोरिन सांगत होती, तुमचं मेकनला हॉटेल होतं म्हणे?” मिसेस हॉलोवेंनी विचारलं.

व्हर्डेलबाईंचा काटा भाजीच्या रोलमध्ये तसाच रुतून राहिला. त्यांनी समोर बसलेल्या लेकीकडे बघितलं. कोरिन ग्लासातला बर्फ ढवळत होती. मान वर करायला तयार नव्हती.

हॉटेल कधीच नव्हतं. व्हर्डेलबाईंनी जन्मभर मेकन गावच्या एका सरकारी शाळेत पोरांसाठी रांधलं होतं आणि खिडकीशी उभं राहून वाढलं होतं. पण आज त्या अटलांटात होत्या. कोरिनचं ज्युलियनशी लग्न ठरलं होतं आणि त्याचे आईवडील, हॉलोवे नवराबायको, पहिल्यांदाच भेटत होते. बाप डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. जागा त्यांनीच निवडली होती. मंद दिवे, बारच्या मागे काचेच्या बाटल्यांची भिंत, आणि ताटलीत एकमेकांना टेकून उभे केलेले माशाचे तीन तुकडे.

“होतं की,” व्हर्डेलबाई म्हणाल्या. “छोटंसंच होतं.”

कोरिनचा हात थांबला. आईच्या तोंडून खोटं तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

“काय नाव होतं?”

“कोरिन्स. लेकीच्या नावानं.”

“अय्या, किती छान!”

मग व्हर्डेलबाई बोलतच गेल्या. रविवारी चर्च सुटलं की दाराबाहेर रांग लागायची. पाद्री स्वतः मागच्या दारानं यायचे, रांग चुकवायला. एकदा तर नवरदेव स्वतःच्या लग्नाची पार्टी सोडून जेवायला येऊन बसला होता. डॉक्टर हॉलोवे खदाखदा हसले.

“मग आमचं हे नखरेल जेवण बघून तुम्हाला हसूच येत असेल.”

“छे हो. मन लावून केलंय ज्यानं केलंय त्यानं. फक्त भुकेल्या माणसानं इथं येऊ नये.”

सगळं टेबल हसलं. कोरिनही हसली, जरा उशिरा. निभावलं, तिच्या मनात आलं. आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे कळताच तिचे कान तापले.

“थांबा, थांबा!” मिसेस हॉलोवे एकदम म्हणाल्या. “इथला शेफ मेकनचाच आहे. त्याला तुमचं हॉटेल नक्की आठवत असणार.”

“राहू द्या ना,” कोरिन घाईनं म्हणाली. “तो कामात असेल.”

“अगं, आमच्या चांगल्या ओळखीचा आहे.” त्यांनी हात वर करून वेट्रेसला निरोपही दिला.

शेफ एप्रनला हात पुसत आला. उंच, धिप्पाड, दाढीत थोडी पांढरी झाक. मिसेस हॉलोवे त्याला काहीतरी सांगत होत्या, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो व्हर्डेलबाईंकडे बघत होता.

“मिस व्हर्डेल?”

व्हर्डेलबाईंनी काटा खाली ठेवला.

“मिस व्हर्डेल, मी क्विंटन! शाळेत तुमच्या खिडकीशी सगळ्यात शेवटी यायचो बघा, मुद्दाम. उरलेला मक्याचा पाव तुम्ही मला कागदात बांधून द्यायच्या, घरी आजीसाठी.” तो वाकला, हात पुढे केले. “अहो, मी स्वयंपाकाकडे वळलो तो...”

व्हर्डेलबाईंनी कोरिनकडे बघितलं. एकदाच. कोरिनच्या ओठांवर शब्द आले होते. ही माझी आई, हिनं शाळेत वाढलं, हॉटेल मी रचलं. एवढंच म्हणायचं होतं. शेजारी बसलेल्या ज्युलियनचा हात टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर होता. तिनं ग्लास उचलला आणि एक घोट घेतला.

“तुझी काहीतरी गफलत होतेय, बाळा,” व्हर्डेलबाई म्हणाल्या. “मी ती नव्हे.”

क्विंटनचे हात तसेच पुढे राहिले. मग त्यानं ते मागे घेतले.

“माफ करा, मॅडम. आवाज अगदी...” तो एक पाऊल मागे सरला. “सावकाश जेवा. काही लागलं तर सांगा.”

तो आत गेला. स्वयंपाकघराचं दार दोनदा हेलकावलं आणि थांबलं.

“होतं असं,” डॉक्टर हॉलोवे म्हणाले. “माणसं सारखी दिसतात.”

मिसेस हॉलोवेंनी आधी व्हर्डेलबाईंच्या हातांकडे बघितलं, मग कोरिनकडे, आणि नजर आपल्या ताटलीत वळवली. त्यानंतर त्यांनी हॉटेलचा विषय काढला नाही. कुणीच काढला नाही. हवामानाच्या गप्पा झाल्या, लग्नाच्या तारखेच्या झाल्या.

जेवण उरकल्यावर बापलेक गाडी आणायला गेले. मिसेस हॉलोवे ओव्हरकोट घ्यायला उठल्या. टेबलाशी दोघीच उरल्या.

“ममा,” कोरिन म्हणाली. तिनं आईचा हात धरला.

“रडू नकोस. डोळे पूस, तुझी माणसं येतायत.” व्हर्डेलबाईंनी आपला रुमाल तिच्यापुढं सरकवला. त्या स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघत होत्या.

“त्याच्या आजीला तेव्हाच दिसायचं कमी झालं होतं,” त्या म्हणाल्या. “आहे का रे अजून, एवढं तरी विचारायचं होतं मला.”