वाघिणीची परवानगी

"अजून लाल दिवाच आहे, साहेब," फाटकावरचे वनरक्षक देवाजी कुमरे चौथ्यांदा म्हणाले. "वाघिणीचे ठोके वाढलेत. तुमचा आवाज पोचला असणार."

"मी कुठे बोललो?" नागपूरचे भाऊसाहेब पारखी गरजले, तसा दिवा आणखीच लाल झाला.

वाघिणीच्या गळ्यातला पट्टा तिच्या काळजाचे ठोके फाटकाला कळवायचा. ती शांत असली तरच फाटक आपोआप उघडायचं, कुणाचा वशिला तिथे चालत नसे. देवाजींना त्याचं सुखच होतं. पूर्वी पर्यटकांच्या शिव्या त्यांना खाव्या लागत, आता त्या फाटक खायचं.

शेवटी पारखी मंडळींनी वैतागून फाटकासमोरच सतरंजी पसरली आणि डबे उघडले. तोंडात घास गेला तेव्हा कुठे भाऊसाहेब गप्प झाले.

थोड्याच वेळात दिवा हिरवा झाला आणि फाटक उघडलं. भाऊसाहेब लगबगीनं उठले आणि अर्ध्यातच थबकले. फाटकाच्या आत वाघीण बसली होती. सकाळपासून कोण एवढं ओरडतंय, ते बघायला आली असावी. ती सावकाश बाहेर आली आणि सतरंजीच्या कडेला अंग टाकून पंजा चाटू लागली.

भाऊसाहेबांनी ओरडायला तोंड उघडलं.

"हळू, साहेब," देवाजी कुजबुजले. "तिचे ठोके वाढले की फाटक लागतं. मग ती राहील तुमच्याकडेच."

भाऊसाहेबांनी अख्खी पोळी तोंडात कोंबली.